छोट्या योगवर्गाच्या कारभारासाठी गूगल शीट्स आणि व्हॉट्सॲप बिझनेस : जळगावातून एक अभिप्राय

योगशिक्षकाला आसने, प्राणायाम, शुद्धिक्रिया आणि शरीररचना यांचे प्रशिक्षण रीतसर मिळते. परंतु वर्ग सुरू केल्यावर प्रवेश, फी, मुदत, हजेरी, पावती आणि निरोप यांचा जो कारभार गळ्यात पडतो, तो कसा सांभाळायचा हे क्वचितच कोणी शिकवते. वीस-पंचवीस सभासद असेपर्यंत सगळे डोक्यात राहते. संख्या वाढली की कोणाची फी संपली, कोणी आगाऊ भरली, कोणाच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे आणि कोण महिनाभर बाहेरगावी गेले आहे, हे सारे एकमेकांत मिसळू लागते आणि शिकवतानाही लक्ष त्या गोंधळाकडे जाते. जळगावात मी सकाळच्या दोन आणि सायंकाळची महिलांची एक अशा तुकड्या घेते. सोबतीला एक सहशिक्षिका आहे, कार्यालय असे नाही. या आकाराच्या वर्गासाठी मी गूगल शीट्स आणि व्हॉट्सॲप बिझनेस ही दोन मोफत साधने, त्यांच्या जोडीला एक कागदी हजेरीपट, अशी व्यवस्था वापरते. भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव, धुळे, नंदुरबार अशा गावांत वर्ग चालवणाऱ्यांना तिचा उपयोग व्हावा म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे.

माझे मत आधीच सांगते. साधारण शे-दीडशे सभासदांपर्यंत ही व्यवस्था पुरते आणि चांगली चालते. मात्र ती उभारायला लागतो एक दिवस आणि टिकवायला लागतो दर आठवड्याचा नेम. तो नेम पाळण्याची तयारी नसेल, तर साधी वही यापेक्षा बरी.

योगवर्गांसाठी तयार मिळणारी सशुल्क सॉफ्टवेअरे मी पाहिली आहेत आणि त्यांपैकी एक काही काळ वापरलेही आहे. त्याचे नाव देत नाही, कारण दोष त्या एका कंपनीचा नव्हता. रचनाच वेगळ्या प्रकारच्या वर्गासाठी केलेली होती. प्रत्येक सत्रासाठी सभासद ॲपवरून जागा आरक्षित करील, ठरावीक सत्रांचा संच विकत घेईल आणि सोयीच्या वेळी येईल, असे गृहीत धरून ते बांधलेले होते. आपल्याकडे सभासद एका तुकडीचा असतो, त्याची वेळ ठरलेली असते आणि फी महिन्याची, तिमाहीची किंवा वर्षाची असते. शिवाय साठीच्या पुढच्या अनेक भगिनींचा मोबाइल प्रत्यक्षात मुलाच्या किंवा नातवाच्या हातात असतो. त्यांनी वर्गासाठी आणखी एक ॲप घ्यावे, त्यात इंग्रजीत नाव नोंदवावे, ही अपेक्षाच चुकीची आहे. त्या सॉफ्टवेअरचे मासिक शुल्क काही सभासदांच्या फीइतके होते, हेही आलेच.

आता गूगल शीट्सविषयी. पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा रकाना नावाचा नसून सभासद क्रमांकाचा ठेवावा. खान्देशात याची गरज अधिकच भासते. एकाच तुकडीत चार पाटील, तीन चौधरी, दोन महाजन असतात. त्यांतल्या दोघी सुनीता आणि दोघींच्या पतीचे नाव एकाच अक्षराने सुरू होणारे, असेही घडते. नावावरून फी शोधायला गेले की एकीची रक्कम दुसरीच्या खात्यावर चढते आणि पुढच्या महिन्यात दोघींनाही अवघडल्यासारखे होते. प्रवेशाच्या वेळी दिलेला क्रमांक वर्ग सोडल्यावरही दुसऱ्या कोणाला देऊ नये. जुना सभासद दोन वर्षांनी परत आला तर त्याला तोच क्रमांक मिळावा, म्हणजे त्याच्या प्रकृतीची जुनी नोंदही सोबत येते. नावे सर्वत्र देवनागरीतच लिहावीत. काही देवनागरीत आणि काही रोमन लिपीत राहिली तर शोध घेताना निम्मी सापडत नाहीत.

नवी शीट उघडल्यावर सेटिंग्जमध्ये जाऊन लोकॅल या ठिकाणी भारत निवडलेला आहे ना, ते पाहावे. तेथे अमेरिका असेल तर ५ जून म्हणून लिहिलेली ०५/०६ ही तारीख शीट ६ मे अशी वाचते आणि त्यावर आधारलेली प्रत्येक मुदत चुकते. ही चूक लवकर दिसून येत नाही, कारण १३ तारखेपासून पुढचे आकडे महिना म्हणून बसूच शकत नाहीत. त्यामुळे काही ओळी बरोबर, काही चूक आणि काहींत तारीख नुसता मजकूर होऊन बसलेली, असे चित्र तयार होते.

फी भरल्याची तारीख एका रकान्यात, किती महिन्यांची भरली ते दुसऱ्यात, आणि मुदत संपण्याची तारीख तिसऱ्यात असावी. ही तिसरी तारीख हाताने लिहू नये. त्यासाठी ईडेट (EDATE) नावाचे सूत्र आहे. आरंभीची तारीख आणि महिन्यांची संख्या दिली की ते पुढची तारीख काढून देते. १५ जूनला तीन महिन्यांची फी भरली तर सूत्र १५ सप्टेंबर दाखवते, म्हणजे सभासदाचा शेवटचा दिवस १४ सप्टेंबर. म्हणून सूत्रातून एक वजा करावा. उत्तराच्या जागी पाच आकडी संख्या दिसली तर घाबरू नये, त्या रकान्याचे स्वरूप तारीख असे करावे. नंतर कंडिशनल फॉरमॅटिंग वापरून मुदत संपायला सात दिवस उरलेल्या ओळी पिवळ्या आणि मुदत उलटलेल्या ओळी लाल कराव्यात. एवढे केले की सकाळी मोबाइलवर शीट उघडताच कोणाशी बोलायचे आहे ते कळते. माझ्या मते या साधनाचा खरा मोबदला या एका गोष्टीत आहे.

याच सूत्रात मी आणखी एक रकाना जोडते, ज्याचे शीर्षक आहे ‘थांबा’. सभासद किती दिवस सूचना देऊन गैरहजर राहिला, तो आकडा तेथे लिहिला की मुदत तितकीच पुढे सरकते. आपल्या भागातील वर्षाचा क्रम ज्यांना ठाऊक आहे, त्यांना याचे कारण सांगायला नको. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी जातात आणि ज्यांच्या घरी लेकी येतात त्यांनाही घराबाहेर पडणे होत नाही. श्रावणात घरी कानबाई देवी बसायची असली की आधीचे कितीतरी दिवस घराची सारवासारव, रंगरंगोटी, रोटांची तयारी आणि भाऊबंदांची ये-जा यात जातात. दिवाळीचा फराळ आहे, लग्नसराई आहे, कापूस वेचणीचे दिवस आहेत. या काळात आलेली गैरहजेरी आळस म्हणून मोजणे अन्यायाचे आहे, आणि सगळ्यांना सरसकट मोकळे दिवस देणे वर्गाला परवडणारे नाही. म्हणून नियम लिहून ठेवावा: आधी कळवले तर, आणि सलग आठ दिवसांहून जास्त असेल तर, तिमाहीत एकदा थांबा मिळेल. नियम प्रवेश अर्जावर छापलेला असला की शिक्षकाला दर वेळी भिडेखातर निर्णय घ्यावा लागत नाही. शेतकरी कुटुंबांसाठी मी हप्त्याची सोय ठेवते. माल विकला गेल्यावर रक्कम येते हे माहीत असताना महिन्याच्या पाच तारखेचा आग्रह धरण्यात अर्थ नाही. मात्र हप्त्याचीही तारीख शीटमध्ये असलीच पाहिजे.

उन्हाळ्याच्या वेळापत्रकासाठी वेगळे पान करावे. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या आसपास आणि कधी त्याहीपुढे जातो. सकाळची तुकडी अलीकडे ओढावी लागते, सायंकाळची पुढे ढकलावी लागते, आणि उष्ण परिणाम करणारे प्राणायाम कमी करून शीतली, सीत्कारीकडे वळावे लागते. गेल्या वर्षी कोणत्या तारखेपासून वेळ बदलली आणि किती जणांनी ती पाळली, याची नोंद या वर्षीच्या निर्णयाला फार उपयोगी पडते.

प्रवेश अर्जासाठी गूगल फॉर्म्स वापरता येतो. अर्ज पूर्ण मराठीत करता येतो, भरणाऱ्याकडे गूगलचे खाते असण्याची सक्ती ठेवावी लागत नाही आणि उत्तरे थेट शीटमध्ये येतात. २०१५ पासून दर वर्षी २१ जूनला आंतरराष्ट्रीय योग दिन साजरा होतो आणि त्यानंतरच्या पंधरवड्यात चौकशीची रीघ लागते. त्या दिवसांत दारावर लावलेला क्यूआर कोड खरोखर काम हलके करतो. ज्यांना मोबाइलवर अर्ज भरता येत नाही, त्यांच्यासाठी छापील प्रत ठेवावी आणि ती भरून घेताना समोर बसून बोलावे. प्रकृतीविषयीची माहिती अशा बोलण्यातूनच नीट मिळते.

प्रकृतीच्या नोंदीचा प्रश्न फीपेक्षा गंभीर आहे. काचबिंदू असलेल्या व्यक्तीला शीर्षासनासारख्या उलट्या स्थितीत नेले तर डोळ्यांतील दाब वाढतो. उच्च रक्तदाब, हर्निया किंवा गर्भावस्था असताना कपालभाती देऊ नये. मणक्याची चकती सरकलेली असेल तर पुढे वाकण्याची आसने विचारपूर्वकच द्यावी लागतात. ही माहिती अर्जात मिळाली आणि अर्ज तसाच पडून राहिला, तर ती घेतली काय आणि न घेतली काय, सारखेच. म्हणून हजेरीपटात संबंधित नावापुढे एक खूण असावी: डोळ्यांसाठी एक, मणक्यासाठी दुसरी, रक्तदाबासाठी तिसरी. बदली शिक्षिका आली तरी तिला पहिल्या नजरेत कळते की कोणाला पर्यायी आसन द्यायचे आहे. सविस्तर माहिती मात्र वेगळ्या फाइलमध्ये ठेवावी आणि ती पाहण्याची परवानगी फक्त शिकवणाऱ्यांना द्यावी. फीचा हिशेब पाहणाऱ्या व्यक्तीला कोणाच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेची माहिती असण्याचे कारण नाही. देशात २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे. अर्जावर संमतीचे स्पष्ट वाक्य आणि सही असावी, हे त्या दृष्टीनेही आवश्यक आहे. लहान गावात या बाबतीत अधिक काळजी घ्यावी, कारण येथे बातमी एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत जायला वेळ लागत नाही.

हजेरी मी कागदावरच घेते आणि ती तशीच राहावी असे माझे ठाम मत आहे. पहाटे शीट उघडून नावापुढे खूण करत बसले की शिक्षिकेची नजर समोर बसलेल्या माणसांवरून हटून पडद्यावर जाते. दाराशी आडवा हजेरीपट आणि दोरीला बांधलेला पेन ठेवला की सभासद स्वतः सही करतात. पावसाळ्यात वीज गेली, रेंज नसली, तरी अडत नाही. या भागाचा योगाशी आणि नोंदींशी जुना संबंध आहे, हे येथे आवर्जून सांगावेसे वाटते. अमळनेरच्या राष्ट्रीय महाविद्यालयात काम केलेले जगन्नाथ गणेश गुणे पुढे स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखले गेले. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि आसने व क्रियांचा शरीरावर होणारा परिणाम उपकरणांनी मोजून, लिहून, प्रसिद्ध करण्याचा पाया घातला. आपल्या वर्गातील हजेरीपट त्या कामापुढे अगदी लहान आहे. पण एखाद्या सभासदाची कंबरदुखी कमी झाली असे तो म्हणतो तेव्हा तो खरोखर किती दिवस आला होता हे सांगता येणे, हा त्याच शिस्तीचा भाग आहे.

व्हॉट्सॲप बिझनेससाठी वर्गाचा वेगळा क्रमांक घ्यावा. या ॲपवर घरच्या दूरध्वनीचा (लँडलाइनचा) क्रमांकही पडताळणी करून वापरता येतो. वैयक्तिक क्रमांकावर वर्ग चालवला तर रात्री अकरालाही ‘उद्या वर्ग आहे का?’ असा प्रश्न येतो आणि उत्तर दिले नाही तर रुसवा. ॲपमध्ये ठरावीक वेळेबाहेर आपोआप जाणारा संदेश ठेवण्याची सोय आहे. तो सौम्य मराठीत लिहावा आणि त्यात उत्तर कधी मिळेल ते सांगावे. नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे, म्हणजे फी, वेळा, पत्ता, सोबत काय आणायचे, ही क्विक रिप्लायमध्ये साठवून ठेवली की तिरपी रेघ आणि एक छोटा शब्द टाकताच पूर्ण मजकूर येतो. लेबलांचा उपयोग मी चौकशी, नवे सभासद, मुदत संपत आलेले आणि थांबा घेतलेले अशा चारच गटांसाठी करते. लेबले वाढवली की ती लावण्याचेच काम होऊन बसते.

गट करावा की ब्रॉडकास्ट यादी, याबद्दल मला आग्रहाने लिहायचे आहे. गटात प्रत्येकाचा क्रमांक प्रत्येकाला दिसतो. महिलांच्या तुकडीचा गट केला आणि त्यात नव्याने आलेल्या व्यक्तीची पुरती ओळख नसली, तर कोणाचाही क्रमांक कोठेही जाऊ शकतो, आणि मग घरच्यांच्या आक्षेपाने एखादी भगिनी वर्गच सोडते. ब्रॉडकास्ट यादीत हा धोका नाही. प्रत्येकीला संदेश स्वतंत्र मिळतो. तिच्या मर्यादा दोन: एका यादीत २५६ जणच बसतात, आणि ज्यांनी आपला क्रमांक स्वतःच्या मोबाइलमध्ये जतन केला आहे त्यांनाच संदेश पोहोचतो. म्हणून प्रवेशाच्या दिवशीच, सभासद समोर असताना, क्रमांक जतन करून घ्यावा. गट करायचाच असेल तर संदेश फक्त ॲडमिनने पाठवावेत अशी सेटिंग ठेवावी, नाहीतर वर्गाची महत्त्वाची सूचना शुभ सकाळच्या फुलांखाली दबते.

फीची नोंद यूपीआयमुळे सोपी झाली असे म्हणतात. ते अर्धेच खरे आहे. पैसे बहुतेक वेळा सभासदाच्या खात्यातून येत नाहीत. कोणाचे यजमान भरतात, कोणाचा पुण्यात नोकरी करणारा मुलगा भरतो, आणि बँकेच्या संदेशात त्या दोघांचे नाव असते. त्यामुळे पैसे पाठवताना टिप्पणीत सभासद क्रमांक लिहायला सांगावे, आणि व्यवहाराच्या बारा आकडी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे शीटमध्ये टिपावेत. रोख रकमेसाठी क्रमांक छापलेले पावतीपुस्तक ठेवावे आणि तो पावती क्रमांकही शीटमध्ये यावा. वस्तू व सेवा कराची नोंदणी सेवा व्यवसायाला आपल्या राज्यात वार्षिक २० लाख रुपयांच्या उलाढालीनंतर सक्तीची होते. त्याखालच्या, नोंदणी नसलेल्या वर्गाने पावतीवर कर लावून घेऊ नये. नोंदणी असलेल्यांसाठी २२ सप्टेंबर २०२५ पासून योगकेंद्रांच्या सेवेवरील दर १८ टक्क्यांवरून ५ टक्के झाला, मात्र भाडे किंवा साहित्यावर दिलेल्या कराची वजावट त्यात मिळत नाही. वार्षिक फी आगाऊ घेणाऱ्यांनी हा हिशेब आपल्या कर सल्लागाराकडून एकदा नीट करून घ्यावा.

देखभालीचा भाग थोडा, पण तो चुकवता येत नाही. रविवारी वर्ग संपल्यावर मी आणि सहशिक्षिका हजेरीपट आणि शीट समोरासमोर ठेवतो: ती नावे वाचते, मी भरते. पिवळ्या ओळींना त्याच वेळी संदेश जातो. लाल ओळींना संदेश न पाठवता फोन करतो, कारण मुदत उलटून गप्प बसलेला माणूस बहुधा पैशांमुळे गप्प नसतो. कोणाच्या घरी आजारपण असते, कोणाला एखाद्या आसनाने त्रास झालेला असतो, आणि हे फोनवरच कळते. चटया, लोड, पट्टे यांची मोजणी महिन्यातून एकदा पुरते.

शीट वर्गाच्या नावाने उघडलेल्या स्वतंत्र गूगल खात्यावरच असावी. सहशिक्षिकेच्या किंवा भाच्याच्या खात्यावर केलेली शीट तो माणूस दूर गेला की हातातून जाते. एकाच वेळी दोघांनी भरताना काही पुसले गेले तर व्हर्जन हिस्टरीमध्ये जुनी स्थिती मिळते आणि बदल कोणत्या खात्यावरून झाला तेही दिसते. मोफत खात्याची जागा १५ जीबी असते, आणि अँड्रॉइडवरील व्हॉट्सॲपचा बॅकअपही आता त्यातच मोजला जातो. वर्गाचे व्हिडिओ साठत गेले की जागा भरते आणि मग ई-मेल येणेही थांबते. महिन्याच्या अखेरीस सभासद यादीची छापील प्रत काढून फाइलला लावावी.

या व्यवस्थेचे उणेपण स्पष्ट आहे. शीट आणि व्हॉट्सॲप एकमेकांशी आपोआप जोडलेले नाहीत. मुदतीचा संदेश हातानेच पाठवावा लागतो. मोबाइलच्या लहान पडद्यावर रुंद शीट भरणे डोळ्यांना त्रासदायक आहे, त्यामुळे जुना का होईना, एक लॅपटॉप हवाच. सूत्र असलेल्या रकान्यात चुकून काही लिहिले गेले तर सूत्र पुसले जाते, म्हणून ते रकाने संरक्षित करून ठेवावेत. ज्यांच्या दोन शाखा आहेत, चार-पाच शिक्षकांचे मानधन सत्रांवर ठरते किंवा ऑनलाइन वर्गांची फी परगावाहून येते, त्यांनी सशुल्क सॉफ्टवेअर जरूर पाहावे. पण घेण्यापूर्वी तीन गोष्टी विक्रेत्याला करून दाखवायला सांगाव्यात. सभासदाचे नाव मराठीत लिहून मराठीत शोधता येते का, एखाद्याची मुदत बावीस दिवस पुढे ढकलता येते का, आणि सोडून जायचे ठरले तर सगळी यादी एका फाइलमध्ये उतरवून घेता येते का.